पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवताय? आधी हे वाचा

दादा, घर गार राहावं म्हणून भिंतीवर वेल चढवू का असं विचारताय आणि भिंत पश्चिमेची आहे म्हणताय ना, मग वेल लावाच, कारण दुपारनंतरचं सगळं ऊन तीच भिंत खाते आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडत बसते. पानांची सावली पडली की भिंत बरीच कमी तापते, शिवाय पानांतून पाण्याची वाफ होते त्यानेही गारवा येतो.

पण नर्सरीवाला फायकस प्युमिला, म्हणजे भिंतीला चिकटून चढणारा वेल, देईल, तो घ्यायच्या आधी भिंत नीट बघा. त्याची बारीक मुळं थेट प्लास्टरला चिकटतात, नंतर ओढून काढायला गेलात तर रंगाचे पोपडे सोबत येतात आणि मुळांचे तपकिरी ठिपके राहतात ते वेगळेच. भिंतीला भेगा किंवा ओल असेल तर हा अजिबात नको.

त्यापेक्षा मधुमालती लावा, पुण्या-नागपूरच्या उन्हात मस्त टिकते, फुलं पांढरी उमलतात आणि मग गुलाबी, लाल होत जातात, संध्याकाळी वास तर विचारूच नका! तिला आधार लागतो, तर जाळी भिंतीपासून चारेक इंच पुढे ठोका, मधून हवा खेळली पाहिजे, पावसाळ्यात भिंत सुकायला हीच फट कामी येते. जमिनीत लावता आली तर उत्तम, नाहीतर मोठा ड्रम, छोट्या कुंडीत एप्रिल-मेमध्ये पाणी पुरतच नाही.

आणि छाटणी चुकवू नका, खिडकी, एसीचं युनिट, ड्रेनेजचे पाइप मोकळे ठेवा. पानांआड पिंपळाचं रोप दिसलं तर लहान असतानाच मुळासकट उपटा.