कंसातलं वाक्य

मावशी,
माझी आई ६७ वर्षांची आहे. किमोची तिसरी सायकल होऊन १० दिवस झाले. तोंड पूर्ण आलंय. सकाळी मऊ, गार काही दिलं तर निम्मं तरी खाते, पण रात्री ताट बघितलं की मान फिरवते. मी समजावतो, रागावतो, परवा तर चमचा आपटला. जेवणाआधी लावायला डॉक्टरांनी बधिर करणारं जेल दिलंय, तेही वेळेवर लावत नाही, संध्याकाळीच लावून मोकळी होते. वजन ५ किलोने उतरलंय. ती मनाने खचू नये म्हणून मला जमेल ते सगळं करतो. (रोज सात वाजता नातेवाइकांचा व्हिडिओ कॉल लावून देतो, तेव्हा तासभर कवळी घालून छान हसत बोलते.) आठला जेवायला बसवलं की पुन्हा तोच हट्ट. तिला कसं समजावू?
— एक थकलेला मुलगा

अरे मुला,

ते कंसातलं वाक्य पुन्हा वाच. सात वाजता कॉल, तासभर, कवळी घालून, हसत. मग आठला जेवण. सगळं वेळापत्रक तू स्वतःच लिहून दिलंयस आणि वर मलाच विचारतोस, सकाळी खाणारी आई रात्री का खात नाही.

आता ते जेल. ती ते संध्याकाळीच का लावते याचं तुला कोडं पडलंय. मला नाही पडलं. तोंड बधिर केल्याशिवाय तिला कवळी आत घालताच येत नसणार. घास गिळता यावा म्हणून दिलेलं औषध ती तुम्हा सगळ्यांसमोर हसता यावं म्हणून वापरतेय. त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात बधिर हिरडीवर कवळी घासत राहते आणि तिला जाणवत नाही. जाणवतं जेल उतरल्यावर, नेमकं तू ताट घेऊन समोर येतोस तेव्हा. आणि त्या ताटाला तिने मान फिरवली की तू चमचा आपटतोस.

मी तिला भेटलेले नाही, तेव्हा हा माझा अंदाज. पण आज रात्री, कॉल न होता, तिच्या हिरड्या टॉर्च लावून बघ. मी बघितल्या आहेत, माझ्या थोरल्या बहिणीच्या. तिलाही किमो चालू होती आणि तीही दिवसभर कवळी काढत नसे. एका दुपारी काढली तेव्हा खालच्या हिरडीवर लालभडक रेघ दिसली, हुबेहूब कवळीच्या काठाच्या वळणाची, मध्ये मध्ये पांढुरकी, सोललेली. वाटीतल्या पाण्यात कवळी टाकली तर पाणी गुलाबी झालं. ती म्हणाली, "काही नाही गं, जरा लागतंय." जरा! आवंढा गिळताना तिचे डोळे घट्ट मिटत होते.

आपण 'तोंड आलंय' म्हणतो आणि तिथेच फसतो. एरवी तोंड येतं ते दोन-चार फोडांचं, चार-आठ दिवसांत बरं होणारं. किमोतलं तसं नसतं. डॉक्टर त्याला म्युकोसायटिस म्हणतात. तोंडातलं अस्तर एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं, म्हणजे तिथल्या पेशी सतत विभागत असतात. किमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात, मग ती गाठीतली असो की गालाच्या आतली. जुनं अस्तर झडतं आणि नवं वेळेवर तयार होत नाही. डोसनंतर पहिला आठवडा सरता सरता जळजळ सुरू होते आणि सहसा दुसऱ्या आठवड्यात ती सगळ्यात जास्त असते. पुढे संसर्ग झाला नाही तर भरत येतं. तुझी आई आज दहाव्या दिवशी आहे. म्हणजे ऐन त्या आठवड्यात तू तिला रोज तासभर बोलायला बसवतोयस.

जागतिक आरोग्य संघटनेने याच्या ० ते ४ अशा पायऱ्या ठरवल्या आहेत. दुसऱ्या पायरीवर व्रण असतात, पण माणूस घन अन्न खाऊ शकतो. तिसऱ्यावर फक्त पातळ जातं आणि चौथ्यावर तोंडाने काहीच नाही. आई कुठल्या पायरीवर आहे हे डॉक्टर बघून सांगतील. पण दुखऱ्या जागेवर कडक प्लॅस्टिक रोज घासलं तर ती वरच्या पायरीकडे सरकेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. शिवाय वजन उतरलं की कवळी सैल होते आणि सैल कवळी जास्त घासते.

ती मनाने खचू नये म्हणून कॉल लावतो म्हणतोस. त्या कॉलवर काय होतं ते मी सांगते. सगळे विचारतात "कशी आहेस?", ती "छान" म्हणते, आणि सगळे निश्चिंत होऊन फोन ठेवतात. धीर तीच देते आणि तुम्ही सगळे मिळून तो घेता, तूसुद्धा. तिला हसताना बघितलं की तुझा दिवस सरतो, हे मला कळतं. पण त्याची किंमत ती रात्रीच्या जेवणाने भरतेय.

तेव्हा कॉल बंद. आजपासून. "आई, कॉल नको का?" असं तिला विचारूही नकोस, ती "असू दे, लाव" म्हणेल. या बायका असंच म्हणतात. निर्णय तू घे आणि वाईटपणाही तू घे. नातेवाइकांना स्वतःच्या नावाने कळव: "आईचं तोंड आतून सोललंय, ते भरेपर्यंत ती कोणाशी बोलणार नाही. बोलावंसं वाटलं तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा, उत्तराची वाट बघू नका." कोणी रुसलं तर रुसू दे. पुढच्या सायकलनंतरही हे दिवस येतील, तेव्हाही हेच करायचं.

आणि उद्या सकाळी डॉक्टरांना फोन कर. कवळीचं त्यांना कोणी सांगितलंय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. ती तपासायला गेल्यावर "ठीक आहे" म्हणून येत असणार. तू सांग: कवळी घालते, रात्री जेवत नाही, ५ किलो उतरलेत. दुखणं जेलने भागत नसेल तर त्याहून जोरकस औषधं आहेत, अगदी मॉर्फिनपर्यंत, आणि ती देण्यात गैर काही नाही. पोटात घ्यायची गोळी दिली तर ती जेवणाच्या अर्धा तास आधी देता येईल का, विचार. जेल दिवसातून किती वेळा चालेल तेही विचारून घे, मनाने वाढवू नकोस. जेल लावल्यावर घास गरम नको आणि घाईही नको, बधिर गाल चावला जातो.

अजून एक विचार. फ्लुओरोयुरॅसिल नावाचं औषध शिरेतून एकदम देतात, तेव्हा ५ मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे धरायला सांगतात. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथे औषध कमी पोचतं. आईच्या औषधाला हे लागू आहे का, ते तेच सांगतील. काही औषधांत गार अजिबात चालत नाही, म्हणून न विचारता करायचं नाही.

तोंड भरेपर्यंत कवळी बाहेर. मऊ आणि पातळ खायला दात लागत नाहीत. रात्री तर ती तोंडात नकोच. रोज घासून स्वच्छ कर, कारण बुरशी तिच्यावर ठाण मांडून बसते. जिभेवर किंवा गालात पांढरे चट्टे दिसले तर तसं सांग, त्याला वेगळं औषध लागतं आणि कवळीही निर्जंतुक करावी लागते.

चूळ भरायला कपभर कोमट पाण्यात चहाचा पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ. दिवसातून बऱ्याच वेळा, खाल्ल्यावर तर नक्कीच. गिळायचं नाही, आणि नंतर साध्या पाण्याने चूळ. बाजारातले अल्कोहोलवाले माउथवॉश घरात असतील तर टाकून दे. तिखट, आंबट, गरम, कोरडं, टोचणारं काही नको. आंबट फळांचा रस 'ताकद येते' म्हणून पाजत असशील तर आधी तो थांबव, सोललेल्या जागी तो आगीसारखा झोंबतो.

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला तर सकाळची वाट बघायची नाही. या दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असतात आणि सोललेल्या तोंडातून जंतूंना रक्तात जायला वाट मिळते. मनाने तापाची गोळी देण्याआधी फोन कर. पाणीही घशाखाली जात नसेल, लघवी कमी झाली असेल, तोंडातून रक्त थांबत नसेल, तरीही तेच.

उद्या सातला तुझा फोन दुसऱ्या खोलीत ठेव. तिच्या उशाशी झाकणाची वाटी ठेव, पाणी घालून. "आई, आज कोणाचाही कॉल नाही," एवढंच सांग. थोड्या वेळाने ती कवळी काढेल आणि तुझ्यासमोर तोंडावर हात धरेल, कारण तिला तसं बघायची तुला सवय नाही. उठून जाऊ नकोस. साडेसातला जेल तिच्या हातात दे, आणि ती लावेपर्यंत ताटातलं पुरेसं गार झालंय का ते बघ.

— मावशी