वाचकांचे प्रश्न: नुनावुतच्या गावात बिऱ्हाड मांडताना

प्रश्न: माझी भाची कॅनडाच्या अति उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशात, पॉन्ड इनलेट गावी शाळेत शिकवायला जाते आहे. तिथे घरोघरी पाणी टँकरने येते म्हणतात. मग रोजचे कसे भागते?

नुनावुतच्या २५ गावांपैकी बहुतेकांत हीच रीत आहे. टँकर म्हणजे टंचाई असे तिकडे नाही. जमीन बारमाही गोठलेली असते. पाइप पुरले तर आतले पाणी गोठते, आणि गरम ठेवले तर भोवतालची जमीन वितळून खचते. घरेसुद्धा त्याच कारणाने खांबांवर उचलून बांधतात. एक टँकर बाहेरच्या भिंतीवरच्या तोंडातून घरातली टाकी भरतो, दुसरा मैल्याची टाकी उपसून नेतो.

पाण्याची टाकी साधारण हजार-बाराशे लिटरची. माणशी रोज ९०-१०० लिटर धरले तर चौघांना तीन दिवस पुरते. नवखी माणसे तिच्यावर डोळा ठेवतात आणि मैल्याची टाकी विसरतात. ती भरली की फ्लोट स्विच पाण्याचा पंपच बंद करतो, नाहीतर मैला घरात उलटेल. तेव्हा टाकीत पाणी असून नळ कोरडा असेल, तर पंप उघडायला घेऊ नका. आधी मैल्याची टाकी पाहा आणि उपशासाठी फोन करा.

मैल्याची टाकी अचानक लवकर भरू लागली, तर बहुधा दोष संडासच्या फ्लशचा असतो. आतले रबरी झाकण नीट बसत नाही, आणि रात्रभरात शेकडो लिटर स्वच्छ पाणी मैल्यात जाते. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका. न दाबता अर्ध्या तासात भांड्यात रंग उतरला, तर झाकण बदलायचे.

हिमवादळात दोन्ही टँकर थांबतात, कधी दोन-दोन दिवस. इशारा आला की धुणे पुढे ढकला; वरून कपडे टाकायची जुन्या धाटणीची यंत्रे एका फेरीला शंभर-सव्वाशे लिटर घेतात. वादळ सरले की भिंतीवरच्या तोंडापर्यंतच्या वाटेवरचे बर्फ स्वतः उपसून ठेवा. पाइपच जोडता आला नाही, तर टँकर पुढे निघून जातो.

मोरीत गुडगुड आवाज आणि दुर्गंधी येऊ लागली, तर छतावरच्या हवेच्या नळीचे तोंड बर्फाने बुजले असावे. छतावर चढू नका, घरांची देखभाल करणाऱ्या गावातल्या कार्यालयाला कळवा. घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली तर मात्र सकाळची वाट पाहू नका. उणे ३५ अंशांत काही तासांत पाइप गोठून फुटतात. तातडीचा नंबर पहिल्याच दिवशी भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न: वर्षाचा किराणा जहाजाने मागवतात म्हणे. ते कसे करायचे?

गावे एकमेकांना किंवा दक्षिणेला रस्त्याने जोडलेली नाहीत. जड सामान उन्हाळ्यात बर्फ हटल्यावर, साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये, ‘सीलिफ्ट’च्या जहाजांनी येते. बॅफिन बेटाकडचे (पॉन्ड इनलेट याच बेटावर आहे) बरेच सामान मॉन्ट्रियलजवळच्या बंदरांतून निघते. प्रत्येक फेरीसाठी माल बंदरात पोचवण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. ती हुकली तर पुढची फेरी, शेवटची असेल तर पुढचे वर्ष. म्हणून यादी वसंतातच तयार हवी.

भाडे वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते. तांदूळ, डाळी, पीठ, तेल, साबण यांना सीलिफ्ट परवडते. चिप्सची पाकिटे म्हणजे खोकाभर हवेचे भाडे. माल प्लायवुडच्या पेटीत बंद करून बाजूंवर नाव, गाव आणि पेटी क्रमांक लिहितात. रंग, ब्लीच, बॅटऱ्या, स्प्रेचे डबे हे धोकादायक मालात मोडतात, ते वेगळे जाहीर करावे लागतात; इतर पेटीत लपवून ठेवले तर अख्खी पेटी अडकते. शेवटच्या फेरीत पातळ पदार्थ घेऊ नका. किनाऱ्यावर पेटी रात्रभर राहिली तरी बाटल्या तडकतात.

पेटी फुटलेली दिसली तर सही करण्याआधी पावतीवर तसे लिहा आणि फोटो काढा, नाहीतर भरपाईचे भांडण जड जाते. घरात साठवण बाहेरच्या भिंतीला चिकटवून करू नका. तिथे दव धरते, खोकी भिजतात.

प्रश्न: ताजी भाजी, दूध, अंडी मिळतात का?

मिळतात, विमानाने येतात, म्हणून महाग. २०११ पासून ‘न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा’ योजनेत नोंदणीकृत दुकानांना किलोमागे अनुदान मिळते. दर गावागणिक आणि वस्तूगणिक वेगळा. त्यामुळे दूध आणि सफरचंदांचे भाव सोड्यासारख्या थंड पेयांच्या मानाने तितके डोळ्यांत भरत नाहीत. पण विमान अडले की फळी रिकामी होते, तेव्हा गोठवलेली भाजी आणि दुधाची पावडर घरात हवीच. शिकारीचे मांस, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा हे तिथल्या मूळ रहिवाशांचे, इनुइटांचे, खरे अन्न. कुणी वाटा दिला तर घ्या, पैसे पुढे करू नका.

प्रश्न: आजारपणात काय?

गावातल्या आरोग्य केंद्रात परिचारिका असतात, आणि त्या आपल्या कल्पनेपेक्षा बरेच जास्त करतात: तपासणी, टाके, औषधे. डॉक्टर अधूनमधून येऊन जातात. रात्री ड्यूटीवरच्या परिचारिकेला फोन करायचा, थेट केंद्रावर जाऊन दार ठोठावायचे नाही. गंभीर रुग्ण विमानाने नुनावुतची राजधानी इकालुइतच्या किकिक्तानी जनरल हॉस्पिटलला आणि तिथे न झाल्यास ओटावाला नेतात. हवा खराब असेल तर विमान उतरत नाही, म्हणून परिचारिका अनेकदा लवकरच हलवायचा निर्णय घेतात. त्यात घाबरण्यासारखे काही असतेच असे नाही. बाळंतपणासाठी काही आठवडे आधीच गाव सोडावे लागते.

रोजची औषधे असतील तर निदान दोन महिन्यांचा साठा सोबत न्यावा, दातांची कामे निघण्यापूर्वी उरकावीत. आणि रुग्णप्रवासाचा खर्च कोण करणार, हे नोकरीच्या करारात सही करण्याआधी वाचून घ्यावे. इनुइटांसाठी वेगळी सरकारी योजना आहे; बाहेरून आलेल्यांना ती लागू होत नाही.