जुन्या ग्रामोफोन तबकड्या शोधताय? आधी उजेडात धरा

चोर बाजारात लेबलवरचं नाव वाचून लगेच पैसे काढू नका. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या भरपूर निघाल्या, त्या मिळत राहतात. खरं घबाड बहुधा अनोळखी नावांत असतं. 'यंग इंडिया' किंवा 'ओडियन' या कंपन्यांचं लेबल दिसलं तर जरा थांबाच. तबकडी उजेडात तिरकी धरा: खाचा करड्या दिसल्या तर पोलादी सुईनं त्या खाल्ल्यात, कितीही धुवा, आवाज परत येत नाही. बारीक तडा नखाला लागतो. लेबलाजवळ उमटवलेला मॅट्रिक्स नंबर (ध्वनिमुद्रणाचा क्रमांक) टिपून ठेवा, पुढे ध्वनिमुद्रण ओळखायला तोच कामी येतो.

धुताना स्पिरिट अजिबात नको, तबकडी ज्या लाखेची असते ती विरघळते! कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं. एलपीची (नंतरच्या लाँग-प्ले तबकड्यांची) सुई लावू नका. ७८ची खाच रुंद, तिला ३ मिलची (इंचाच्या तीन हजारांश) सुई लागते. डिजिटल करताना खरखरीसकट मूळ प्रत आधी जपा, मग आवाजाची साफसफाई. कित्येकजण इतकं घासतात की साथीचा ऑर्गनच गायब (कानाला त्रास होतो हो). आणि सुरुवातीच्या बऱ्याच तबकड्या नेमक्या ७८च्या वेगानं भरलेल्याच नाहीत. पट्टी चढलेली वाटली तर गायकावर शंका घेण्याआधी वेग कमी करून बघा.