गोळ्या कपाटात आणि नातू कण्हतोय

प्रश्न : माझ्या नातवाला, वय 9, हाडाचा कॅन्सर आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं आणि मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. माझा मुलगा त्या कपाटात कुलपात ठेवतो. पोर अगदी कळवळलं तरच देतो. "अफूच ती, सवय लागेल," म्हणतो. वाडीतली माणसं रोज पडवीत येऊन बसतात, डोळे पुसतात, जातात. सूनबाई रात्र रात्र जागी. मी काय करू?
— एक आजी, गुहागर तालुका

उत्तर : आजी, आधी गोळ्यांचं. हे मुलाला वाचून दाखवा. मॉर्फिन अफूपासून निघतं, तेवढं त्याचं खरं. पण वेदनेसाठी डॉक्टरांनी बेतून दिलेल्या डोसाने व्यसन लागणं फार विरळा. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती लिहून दिलेल्या वेळेला द्यायची, कण्हण्याची वाट बघायची नाही. दुखणं चढू दिलं की ते उतरवायला औषध जास्त लागतं. कुलूप मात्र असू दे, गोळ्या भलत्याच्या हाती लागू नयेत.

मी मुंबईत मुलांच्या वॉर्डात परिचारिका होते. ज्याचं फार दुखतं ते पोर पुष्कळदा रडतच नाही. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडतं, आणि आई म्हणते, "आज शांत आहे हो." तेव्हा एक वही करा. गोळी कधी दिली, दोन गोळ्यांच्या मध्ये दुखलं का, झोपला किती, खेळला का. या गोळ्यांनी शौचाला हमखास घट्ट होतं. त्याचं औषध सोबत हवंच, नुसत्या पेजेवर भागत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते. पण हाक मारून उठत नसेल, श्वास फार मंद झाला असेल, तर ताबडतोब डॉक्टर.

मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून 2014 साली अमली पदार्थांचा कायदा बदलला, तरी ते गावच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. डबी संपत येईपर्यंत थांबू नका, पावसाळ्यात तर नाहीच. वाडीतला एखादा चाकरमानी कागद दाखवून मुंबईहून आणू शकेल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजाऱ्याचं दुखणं हलकं करणाऱ्या देखभालीची, सोय आहे का, तेही विचारा.

आता पडवीतली मंडळी. केरळात, कोझिकोड-मलप्पुरमकडे, शेजारीपाजारीच आठवड्यातले काही तास आजाऱ्याच्या घराला देतात. तिथल्या सरकारने 2008 साली त्याला धोरणात जागा दिली. तुमच्या वाडीला सरकारी कागदाचीही गरज नाही. रडायला येणाऱ्याला काम सांगा, बिनदिक्कत. एकीने दुपारची निवटी-भाकरी आणायची, एकाने पाणी भरायचं, एका जाणत्या बाईने रात्री दहा ते दोन नातवापाशी बसायचं म्हणजे सूनबाई आडवी होईल. ज्याला काहीच जमत नाही त्याला नारळ सोलायला बसवा. रडं आपोआप थांबतं.

नातवाने "मी बरा होणार ना?" विचारलं तर खोटं हो म्हणू नका. "तुला काय वाटतं रे?" म्हणा आणि ऐका. मुलं बहुधा मरणापेक्षा दुखण्याला आणि एकटं पडण्याला भितात. तुम्ही त्याला दोन्हींबद्दल शब्द देऊ शकता, पण त्यासाठी गोळी वेळेवर हवी.

आठवडाभर वही लिहा, मग मुलाला ती हातात घेऊन डॉक्टरांना फोन करायला सांगा. डोस वाढवायचा की तोच ठेवायचा, ते त्यावरून ठरवतील.