नव्या उत्पादनात पर्यावरणाचा विचार कंपनीने कधी करावा?
आराखडा कागदावर असतानाच. उत्पादन तयार झाल्यावर फार तर वेष्टनाचा रंग हिरवा करता येतो.

टूथपेस्टची नेहमीची ट्यूब घ्या. प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना घट्ट चिकटलेले, त्यामुळे ती पुनर्वापरात आणणं फार अवघड. कोलगेटने कित्येक वर्षं खपून एचडीपीई या एकाच जातीच्या प्लास्टिकची ट्यूब बनवली. हे प्लास्टिक मुळात ताठ. त्याच्याच वेगवेगळ्या प्रतींचे थर जुळवून ती सहज पिळता येईल अशी केली. २०१९मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक पुनर्चक्रण संघटनेने तिला मान्यता दिली. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच: हे तंत्र त्यांनी प्रतिस्पर्ध्यांनाही खुलं केलं. एकाच कंपनीची ट्यूब सुधारली, तर कचरा निवडणाऱ्या केंद्रांना ती वेगळी ओळखणार कशी?