नेपियर कधी कापायचा? उंची नको, दांडा बघा

दादा, तुमचा फुले जयवंत, म्हणजे चाऱ्याच्या संकरित नेपियर गवताचा वाण, नऊ-दहा फूट झालाय, टनेज भरघोस निघतंय, तरी गाई दुधाला उतरल्यात आणि गव्हाणीत रोज दांडके उरतात. म्हणून वाण बदलू का, असं विचारताय. वाण बदलू नका, तो चांगलाच आहे. तुमची कापणी उशिरा होतेय.

गवत जून होत जातं तसं पान कमी आणि खोड जास्त होतं. खोडात लिग्निन, म्हणजे लाकडासारखा कडक पदार्थ, साचतं आणि ते कोठीपोटातल्या (गाईच्या पहिल्या मोठ्या पोटातल्या) चारा पचवणाऱ्या जिवाणूंनाही फुटत नाही. वेळेवर कापलेल्या संकरित नेपियरमध्ये कोरड्या वजनावर ८ ते १० टक्के प्रथिनं मिळतात, जून झाला की ती ५-६ वर येतात. एकूण खाण्यात प्रथिनं साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की जिवाणूच उपाशी राहतात, चारा पोटात रेंगाळतो आणि गाय तोंड फिरवते. मग आपण पेंड वाढवतो. काट्यावर दिसलेला जादा टन असा पेंडीच्या पोत्यात जातो, म्हणून मला नुसत्या टनेजच्या जाहिराती अजिबात पटत नाहीत.

उद्या दोन गोष्टी करून बघा. बुडापासून दोन पेरं सोडून दांडा मोडा. कटकन मोडून ओलसर गर दिसला तर ठीक. साल चिवट लागली, आत कडक दोरे निघाले, खालची पानं पिवळी पडली असतील तर वेळ टळलीय. दुसरं, मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवा. बोटाच्या पेराएवढे दांड्याचे तुकडे जसेच्या तसे दिसले तर चारा पचत नाहीये.

पहिली कापणी लावणीनंतर ६०-७० दिवसांनी, पुढच्या ४५-५० दिवसांनी. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा थोडं थांबा. बुडखा चार-सहा इंच राखा. खरी अडचण अशी की सगळा प्लॉट एकदमच तयार होतो आणि शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तो जून झालेला असतो. म्हणून प्लॉटचे ४५ पट्टे पाडा, रोज एकच पट्टा कापा. पावसाळ्यात वाढ पुढे पळाली तर जादा पट्टे वेळेतच कापून, उघडीप बघून थोडे सुकवून मुरघासाला (हवाबंद मुरवून साठवायच्या चाऱ्याला) घाला, उभे ठेवू नका.

उलट घाईही नको. फार कोवळा कापत राहिलात तर ठोंब दमतो, जनावर पातळ शेण टाकतं. नेपियरमध्ये ऑक्झॅलेट असतं, कोवळ्यात जास्त, आणि ते कॅल्शियम बांधून ठेवतं. ताज्या व्यायलेल्या गाईला नुसता नेपियर देऊ नका. सोबत कडबा, थोडा लसूणघास आणि खनिज मिश्रण हवंच.

आणि बांधाला कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, असेल तर त्याचा हिशोब वेगळा. ते फुलोऱ्यात आल्यावरच कापा. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होते, तासाभरात जनावर हातचं जाऊ शकतं.