बेरीज कळते, वाटणी कळत नाही

प्रश्न : मी पेट्रोलियम इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सरांनी प्रोजेक्टला ‘वेल टेस्टच्या डेटावरून अनेक थरांच्या तेलसाठ्याचे गुणधर्म काढणे’ हा विषय सुचवलाय. मित्र मशीन लर्निंगकडे वळलेत. विषय फार अरुंद आहे का? आणि उद्या तेलच मागे पडलं तर?

उत्तर : विषय घे. पण आधी सरांना विचार, डेटात फक्त दाब आहे की प्रत्येक थराचा प्रवाहदरही आहे? सगळं प्रोजेक्ट या उत्तरावर उभं राहील.

वेल टेस्टमध्ये विहीर बंद करून चढणारा दाब मोजला की हॉर्नरने 1951मध्ये मांडलेल्या दाब-वेळेच्या आलेखावर सरळ रेषा मिळते आणि तिच्या चढावरून पर्मिएबिलिटी (खडकातून तेल किती सहज वाहतं ते) आणि थराची जाडी यांचा गुणाकार निघतो. एका थराला एवढं पुरतं. आता पाच-पाच मीटरचे दोन थर घे. दोन्ही 100 मिलिडार्सीचे (हे पर्मिएबिलिटीचं एकक) असले तर गुणाकारांची बेरीज 1000. एक 190चा आणि दुसरा 10चा असला तरी 1000च! तेल आणि एकूण दर सारखा असेल, तर रेषेचा चढही सारखाच. खाली मात्र चित्र निराळं : 190 आणि 10 वाल्या विहिरीत जवळपास सगळं तेल एकाच थरातून येतं, त्याचा दाब आधी उतरतो आणि सुस्त थरातलं तेल मागे राहतं. पुढे विहीर बंद केली, तरी जास्त दाबाचा थर विहिरीतूनच दुसऱ्यात तेल ढकलत बसतो.

ही वाटणी कळावी म्हणून विहिरीत स्पिनर (प्रवाहाने फिरणारं छोटं पातं) उतरवून वेगवेगळ्या खोलीवर प्रवाह मोजतात, दर बदलून पुन्हा मोजतात, आणि मग प्रत्येक थराची पर्मिएबिलिटी आणि स्किन (विहिरीलगतच्या खडकात प्रवाहाला होणारा जादा अडथळा) जुळवतात. थरांमध्ये खडकातूनच गळती असेल तर मॉडेलही वेगळं घ्यावं लागतं.

मुलं इथे सॉफ्टवेअरवर भाळतात. मॉडेलचा वक्र मोजलेल्या दाबाशी छान जुळला की काम झालं, असं त्यांना वाटतं. तू पहिला महिना खरा डेटा उघडूच नकोस. स्वतः थर ठरव, दाब काढ, त्यात मोजमापातल्या चुकांसारखी थोडी गडबड मिसळ आणि उलटं जाऊन तेच थर सापडतात का बघ. सुरुवातीचा अंदाज बदलल्यावर उत्तरही बदलतंय? मग त्या आकड्यावर विसंबू नकोस. मशीन लर्निंगवाल्या मित्रांनाही हेच शिकावं लागणार आहे, फक्त जरा उशिरा.

तेलाचं म्हणशील, तर हे गणित मुळात तेलाचं नाहीच. भूजलासाठी थाइस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने 1935मध्ये ते उष्णतावहनावरून उचललं. भूऔष्णिक विहिरी आणि कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याच्या विहिरी, दोन्हीकडे अशाच चाचण्या होतात. तेलाच्या नोकऱ्या मात्र भावाबरोबर वर-खाली होतात, तेव्हा पायथन आणि भूजलशास्त्राचा एखादा पेपर जोडीला ठेव.

आणि सरांकडे नुसता दाबाचाच डेटा निघाला, तर विषय सोडू नकोस, शीर्षक बदलून माग : ‘फक्त दाबावरून थरांबद्दल काय सांगता येत नाही’.